डावीकडे वळली की वाजणारी मोटर

वैनगंगेकाठच्या त्या बैलांच्या पटावर जो हॉर्न वाजला, तो मी वाजवला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. (माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी तिला न सांगताच कळतात, ही एवढी एक कशी निसटली कोण जाणे.) मी मुळातच घुम्या माणूस. चार लोकांत खरं बोलायची वेळ आली की मला नेमकी तहान लागते आणि मी पाणी प्यायला उठतो. पण आता केस पिकलेत, दात हलायला लागलेत, आणि अजूनही रस्त्यात कुठल्या मोटरीनं हॉर्न दिला की मी मोटरीकडे न बघता आजूबाजूला बैल कुठे आहेत ते बघतो. तेव्हा एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. मी चांद्यात विजेच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होतो. काम काय, तर बल्ब विकणे. विकण्याआधी तो एकदा पेटवून दाखवणे. माझं विजेचं एकूण शिक्षण एवढंच. पण पोंभुर्ण्याच्या अलीकडे जंगलाला लागून मामाचं गाव होतं आणि त्या गावात वीजच नव्हती. त्यामुळे तिथे मी विजेतला सगळ्यात मोठा जाणकार होतो.

त्यात मी भाचा. आमच्या झाडीपट्टीत मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला शिवी द्यायची नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. माझा मामा चांगला धिप्पाड गडी, पण मी अंगणात पाऊल टाकलं की हा एवढा डोंगर वाकायचा आणि माझ्या मळक्या चपलांना हात लावायचा. माणूस बिघडायला याहून जास्त काय लागतं?

मामाला दोन वेडं होती. पहिलं मोटरीचं. खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याची लढाईच्या आधीची मोटर मामानं घेतली. तिच्या स्टिअरिंगच्या मधोमध एक काळी थाळी होती. हॉर्नचं बटन तिच्यावर, दिव्यांची कळ तिच्यावर, आणि वळताना दाराशेजारून जो एक छोटा लोखंडी हात बाहेर निघायचा त्याचीही कळ तिच्यावर. ती मोटर सुरू करायला हँडल मारणारे चार गडी लागत. म्हणून मामा एकदा सुरू केलेली मोटर मुक्कामाला पोचेपर्यंत, आणि पोचल्यावरही, बंद करत नसे.

दुसरं वेड पटाचं. धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या की आमच्याकडे गावोगाव शंकरपट भरतात. हलक्या छकडीला बैलजोडी जुंपायची, शेजारीशेजारी दोन जोड्या उभ्या करायच्या, झेंडी पडली की सोडायच्या. मामाच्या जोडीचं नाव हरण्या-बाण्या. आणि छकडी हाकणारा, म्हणजे धुरकरी, देवाजी. मालकाची अब्रू बैलांवर असते, पण धुरकऱ्याची सगळी कमाई म्हणजे त्याचं नाव. देवाजीचं नाव वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे लोक आदरानं घ्यायचे. त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. शेत नाही, बैल नाही. नाव होतं.

हरण्या-बाण्या धावायला वारा होते, पण निघायला आळशी. झेंडी पडली की जरा विचार करायचे. तोवर समोरची जोडी अर्धं मैदान गाठायची. यावर मामानं एक युक्ती काढली. पहाटे रिकाम्या बांधीत जोडी उभी करायची, मागे मोटर लावायची. देवाजीनं झेंडी म्हणून दुपट्टा खाली टाकायचा आणि त्याच क्षणी मामानं हॉर्न दाबायचा. पहिल्या दिवशी बैल भीतीनं पळाले. आठवड्याभरात सवयीनं पळू लागले. महिन्याभरात असे झाले की दुपट्टा पडो न पडो, हॉर्न वाजला की त्यांचे पाय जमिनीवर नसायचे. मामाचं म्हणणं, पटावर झेंडी पाहूनही आता ते असेच सुटतील, हॉर्नची गरजच नाही. ही विद्या बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं देवाजीकडून आणि माझ्याकडून देवाची शपथ घेतली. जगात तिघांनाच ही गोष्ट ठाऊक होती.

आणि मग, पट आठवड्यावर आला असताना, मोटर डावीकडे वळली की आपोआप वाजायला लागली.

मामाच्या घराकडे यायचं शेवटचं वळण डावं. मामा घरी आला की हॉर्न वाजायचा आणि गोठ्यात हरण्या-बाण्या खुंटे उपटून निघायचे. पहिल्या दिवशी ते कुंपणातून गेले. दुसऱ्या दिवशी मामीनं सावध होऊन त्यांना ओसरीच्या खांबाला बांधलं, तर खांब तिरका झाला आणि ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या मामीच्या मावससासू सुपासकट अंगणात आल्या. तिसऱ्या दिवशी मामानं, बैल मोटरीला बुजतात असं घरात आणि गावात सांगून, मोटर गावाबाहेर ठेवली आणि मला बोलावणं पाठवलं.

"भाचा, तुले येते ना हे काम?" पाया पडून झाल्यावर मामानं विचारलं.

"हे तर आमचं रोजचंच, मामा," मी म्हणालो. आयुष्यात मी मोटरीचं स्टिअरिंग उघडणं सोडा, उघडलेलं पाहिलंही नव्हतं.

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "येवढं कायचं आलं जी? त्या हॉर्नाचा तार तोडून टाका ना. पट झाला का मंग जोडा."

आज विचार करतो तर वाटतं, त्या घरात त्या दिवशी एवढी एकच अक्कल उपलब्ध होती आणि ती दारात उभी होती. पण मी असा हसलो, जसा डॉक्टर हसतो. तार तोडायला चांद्याहून माणूस कशाला आणायचा, असं मी म्हणालो. मामानं मान डोलावली. भाच्याचा शब्द.

मोटर मागच्या वाटेनं, डावं वळण टाळून, अंगणात आणली आणि मी पेचकस घेऊन कामाला लागलो. मामला असा होता, आणि हे मला खरंच ठाऊक होतं: हॉर्नची एक तार स्टिअरिंगच्या दांड्यातल्या नळीतून वर बटनापर्यंत येते. बटन दाबलं की ती लोखंडाला टेकते आणि हॉर्न ओरडतो. तार मध्येच कुठे सोलली गेली असेल, तर चक्र डावीकडे फिरताना ती ताणली जाऊन बटनाला न विचारता परस्पर टेकते. म्हणजे सोललेली जागा शोधायची आणि झाकायची. इतकं सोपं. तारा नळीच्या खालच्या टोकातून, इंजिनाजवळ बाहेर येत होत्या आणि तिथे एक मोठा नट होता. मी तो सोडवला.

त्या नटामागे तारांशिवाय आणखीही काही असतं, हे साहेबानं विलायतेला जाताना सांगायला हवं होतं. स्टिअरिंगच्या डब्यातलं सगळं तेल, जाड, काळं, वर्षानुवर्षं मुरलेलं, आधी माझ्या सदऱ्याच्या बाहीत आणि मग मामीनं सकाळीच सारवलेल्या अंगणात गेलं. भाच्याला बोलायचं नसतं. मामी फक्त आत गेली आणि बराच वेळ आतून भांडी ठेवल्याचे आवाज येत राहिले.

तारा ओढून बाहेर काढल्या. त्या चांगल्या लाल, पिवळ्या, हिरव्या असणार, पण तेलात बुडून सगळ्या सारख्याच काळ्या झाल्या होत्या. कुठली कुठे होती हे लक्षात ठेवायचं असतं, हे मला त्या सगळ्या निघून हातात आल्यावर सुचलं. अंदाजानं परत जोडल्या. हॉर्नचं बटन दाबलं, तर डावा हात बाहेर आला. हाताची कळ फिरवली, तर दिवे लागले. दिव्यांची कळ ओढली आणि हॉर्न वाजला. लगेच गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला आणि देवाजी पलीकडच्या गल्लीतून पळताना दिसला. संध्याकाळपर्यंत मी तारा बदलत होतो आणि देवाजी बैल परत आणत होता. चौथ्या खेपेला तो मोटरीजवळ थांबला. धापा टाकत, पण अगदी अदबीनं त्यानं विचारलं, "बाबू, बैलाईले मी वावरात नेऊन बांधू का? तुमचं विजेचं काम आरामानं चालू द्या."

शेवटी तारा जागच्या जागी बसल्या आणि सोललेली जागाही सापडली. खाली, अगदी तळाशी, इंजिनाच्या धुराच्या नळीच्या शेजारी, तारेवरचं रबर झिजून तांबं उघडं पडलं होतं. आता ते झाकायला काळी पट्टी हवी. ती चांद्याच्या दुकानात खोकंभर होती. मी आणली नव्हती. कारण मला पट्टी लागेल असं वाटलंच नव्हतं. मी पाहताक्षणी दुरुस्त होईल असं वाटलं होतं.

इथे माझी बुद्धी चमकली. (अशी ती आयुष्यात तीनदा चमकली. दुसऱ्या दोन वेळचं सांगत नाही.) मामाच्या घरी पळसाच्या झाडांवरून काढलेली लाख पडून होती. लाखेतून वीज जात नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. मी चुलीवर लाख पातळ केली, चिंधी त्यात बुडवली, तारेला गुंडाळली, वरून आणखी लाख ओतली. थंड झाल्यावर ती तार बांगडीसारखी टणक आणि चकचकीत झाली. मामानं मोटर डावीकडे वळवली. शांत. परत वळवली. शांत. मामाचे डोळे भरून आले. त्यानं गावातल्या लोकांना बोलावून मला दाखवलं.

लाख उष्णतेनं वितळते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच तर ती चुलीवर वितळवून लावली होती. पण जी वस्तू चुलीवर वितळते ती तापलेल्या इंजिनाच्या नळीशेजारीही वितळेल, एवढं लांबचं मला सुचलं नाही.

पटाच्या आदल्या दिवशी देवाजी बैल घेऊन पायी पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, नारळ फोडला, आणि आम्ही मोटरीतून निघालो. वाटभर हॉर्न वाजला नाही. मामा प्रत्येक डाव्या वळणावर माझ्याकडे कौतुकानं बघायचा, आणि मोटर उजव्या बाजूच्या झाडाकडे जायची.

पटावर तुडुंब गर्दी. मामानं मोटर जोड्या सुटतात त्या टोकाला, एका मोहाच्या झाडाखाली उभी केली. शेजारीच एक लॉरी उभी होती. ती आबाजी ठेकेदाराची. आबाजी म्हणजे मामाचा पटावरचा जुना वैरी; यंदा त्यानं रुबाब दाखवायला बैल चक्क लॉरीतून आणले होते. मामानं नेहमीप्रमाणे मोटर सुरूच ठेवली. मला म्हणाला, "भाचा, तू इथीच बसून राह्य. पोट्टे चढतेत मोटरीवर. अन कायलेच हात नोको लावू." आणि तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथे जोड्या पोचतात. मालक तिथेच उभे राहतात.

ऊन चढलं. मी स्टिअरिंगसमोर, साहेबाच्या जागेवर बसून होतो. मोटर खाली घुरघुरत होती, तापत होती. दुपारी आमची जोडी आली: हरण्या-बाण्या विरुद्ध आबाजीची जोडी. ढोल वाजत होते. देवाजी छकडीवर उभा होता, कासरा हातात, जनावरांशी हळू आवाजात बोलत. झेंडीवाला अजून हात वर करत होता.

आणि मला आपली कारागिरी एकदा बघावीशी वाटली.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघतही नव्हतं, सगळ्यांचे चेहरे मैदानाकडे. तरी मला वाटलं, आपण काय काम केलंय ते आपण तरी एकदा अनुभवावं. मी स्टिअरिंगचं चक्र जरासं डावीकडे वळवलं. शांत. मी स्वतःशीच हसलो. मग उभ्या मोटरीचं चक्र जड असतं म्हणून पाय रोवले आणि पूर्ण वळवलं.

एकदाच वाजला. पण काय वाजला!

झेंडी वरच होती. आबाजीची जोडी उभीच होती. हरण्या-बाण्या मात्र निघाले. त्या पटावर इतकं सुंदर धावणं कुणी पाहिलं नव्हतं, असं अजून म्हातारे सांगतात. सरळ रेघेत, धूळ मागे ठेवून, देवाजी कासरा ओढून ओढून मागे झुकलेला, आणि शेजारच्या धावपट्टीवर कुणीच नाही. पलीकडच्या टोकाला मामानं टोपी उडवली. तो नाचायला लागला. बराच नाचला. मग त्याच्या लक्षात आलं की नाचणारा तो एकटाच आहे आणि दुसरी जोडी अजून निघायची आहे.

पंचांनी जोडी बाद केली. झेंडीआधी सुटली की बाद, नियम साधा होता.

मामा मैदान तुडवत आला. मी तोवर मोटरीतून उतरून झाडाला टेकून उभा होतो, जणू जन्मापासून तिथेच आहे.

"हॉर्न कोणं वाजोला?" त्यानं मला विचारलं.

इथे मी खोटं बोललो नाही. एक शब्द बोललो नाही. मला फार तहान लागली होती. मी फक्त मान वळवली आणि लॉरीकडे पाहिलं. एवढंच केलं. नुसतं पाहिलं.

मामा समजला. आबाजीच्या ड्रायव्हरनं मुद्दाम हॉर्न दिला. मग त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला: आबाजीच्या माणसाला कसं कळलं की आपले बैल हॉर्नावर सुटतात? हे तर तिघांनाच ठाऊक. मामा स्वतः सांगणार नाही. भाच्यावर संशय घेणं पाप. उरला कोण?

देवाजी बैलांना चालवत परत आणत होता. मामा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"देवा, तू सांगतला का बे आबाजीले?"

"नाई भाऊ. मी कोणाले नाई सांगतलो."

"मंग त्याईले सपन पडलं का?"

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी मोहाच्या झाडाची साल फार बारकाईनं बघत होतो. त्यानं हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला, कासरा मामाच्या हातात दिला आणि गर्दीतून निघून गेला.

मी त्याच्यामागे गेलो, एवढं मात्र केलं. नदीवर तो तोंड धूत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यानंच चेहरा पुसत म्हटलं, "बाबू, माह्ये बैल पराया हॉर्नावर उठत नाई. लॉऱ्या किती वाजते रस्त्यानं, ते कानही हालवत नाई."

"मग तू मामाला सांगितलं का नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू हा प्रश्न चांद्याचा माणूसच विचारू शकतो. "भाच्याचं नाव मामापाशी मी घेऊ? सकाळीच त्याईनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं ना? ते मी नाई सांगत. तुमीच सांगा."

मी म्हणालो, सांगतो. संध्याकाळी सांगतो.

संध्याकाळी मामा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी निघताना त्यानं माझे पाय धरले आणि म्हणाला, "भाचा, तुह्या मेहनतीवर त्यानं पाणी फेरलं." आता ज्याचे पाय कुणी धरून ठेवलेत त्या माणसानं नेमकं काय बोलायचं असतं? मी म्हणालो, "जाऊ दे, मामा." मोठ्या मनानं म्हणालो.

देवाजीला परत कुणी छकडी दिली नाही. फितूर धुरकरी कोण ठेवणार? आबाजीनंही ठेवला नाही. आपल्या लॉरीनं हॉर्न दिला नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, पण जो एका मालकाला बदनाम झाला तो दुसऱ्याच्या दारात कशाला, असा त्याचा हिशेब. देवाजी गिरणीवर धानाची पोती वाहायला लागला. छकडीच्या जागी बंडी, कासरा तसाच हातात, फक्त बैल हळू चालायचे.

मोटर पुढच्या पावसाळ्यात कायमची थांबली. ती गोठ्याच्या मागे उभी आहे, मामीच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मामा आणि देवाजी त्याच गावात म्हातारे झाले, एकमेकांशी एक शब्द न बोलता. मी दर उन्हाळ्यात ठरवून जातो की या वेळी सांगायचं. मामाचे गुडघे आता वाकत नाहीत. तरी तो भिंतीला धरून खाली बसतो, माझ्या पायांना हात लावतो, आणि मग त्याला उठवायला मलाच वाकावं लागतं. त्या उठाठेवीत बोलायचं राहून जातं. बाहेरून देवाजी जाताना दिसतो. "रामराम बाबू," म्हणतो. तसाच पुढे जातो, आणि मी पाणी प्यायला उठतो.

आता हे लिहून छापायला देतोय, तर कुणी माझ्या धाडसाचं कौतुक करू नये. मामाची नजर गेलीये आणि देवाजी शाळेची पायरी चढलेला नाही. या दोघांच्या हाती हे कधी पडणार नाही, याची नीट खात्री करून घेऊनच मी इतका निर्भीड झालोय. देणं आहे ते आहे तसंच आहे: मामाच्या ओसरीवर, देवाजी समोर बसलेला असताना, माझ्या तोंडून निघायचं एक वाक्य.